गौरव्वा मावशीची सावली

आमच्या गौरव्वा मावशीनं एकदा एका फौजदाराला उन्हात उभं केलं होतं.

फौजदार कसल्याशा तपासाला गावात आला होता. मावशीच्या अंगणातल्या लिंबाखाली त्यानं जीप लावली, पारावर बसला आणि बसता बसता ड्रायव्हरवर खेकसला. मावशी काठी टेकत ओसरीवरून उतरली. "ऊठ," म्हणाली. "त्या ड्रायव्हरला बसू दे हितं. तू तिकडं उन्हात उभा ऱ्हा. राग उतरला की ये." फौजदार आधी हसला, मग चारचौघांकडं बघितलं आणि खरंच उठला. समोरच्या माझ्या खताच्या दुकानात मी युरियाच्या पोत्यामागं बसकण मारली, कारण तिचं पुढचं वाक्य मला पाठ होतं. ते आलंच. "समोर दुकानात लपलाय तो माझा भाच्चा हाय. खुर्ची पायजे तर त्याच्याकडनं घे. सावली मातर माझी."

खजुरीच्या अलीकडं, आळंदच्या रस्त्याला, कानडी मुलखाच्या सीमेवर आमचं गाव. तिथं उन्हाळा कसा असतो ते काय सांगायचं. रस्त्याच्या कडेला झाड असं ते एकच, आणि तेही सरकारी नव्हे, मावशीच्या स्वतःच्या अंगणातलं. काका फार आधी गेले, मूलबाळ नाही. दोन खोल्यांचं घर, एक म्हैस आणि हा लिंब एवढाच तिचा संसार. लिंबाची एक जाडजूड फांदी अंगण ओलांडून रस्त्यावर गेली होती. एसटीची वाट बघणारे, खुरपायला निघालेल्या बाया, भंगारवाले, बाजाराला जाणारे, सगळे त्या फांदीखाली थांबत. थांबले की मावशी हजर.

"आधी नाव सांग, मग बूड टेक."

हा तिचा कायदा. नाव, गाव, कुणाचा, कुठं जायलास, जेवलास का, एवढं सांगितल्याशिवाय कुणाला बसता येत नसे. बसायच्या जागाही तीच ठरवायची. बुंध्याजवळची गार जागा पोटुशा बायांना, म्हाताऱ्यांना आणि उपास धरलेल्यांना. मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावणाऱ्यांना काठावर, जिथं निम्मं ऊन लागतं. बायकोला मारणाऱ्याला सावलीच बंद. सूर्य सरकला की सावली सरकायची, आणि मावशी काठीनं सगळ्यांना सरकवायची. माझ्याकडं कंपनीचा साहेब आला की मी त्याला मागच्या दारानं दुकानात घ्यायचो. पण एकदा एक साहेब तिच्या तावडीत सापडलाच. "पगार किती?" पासून "आईला फोन करतूस का?" पर्यंत सगळं झालं. शेवटच्या प्रश्नाला त्याचं उत्तर अडखळलं, म्हणून त्याला काठावर बसावं लागलं. दुकानात आला तेव्हा त्याच्या डोळ्याला डोळा द्यायची माझी हिंमत नव्हती.

मागच्या उन्हाळ्यात करंटवाले आले.

रस्त्याकडेनं गेलेली मोठी लाइन मावशीच्या अंगणाच्या कोपऱ्यावरून जात होती, आणि ती फांदी वाढत वाढत तारेला टेकायला आली होती. कंत्राटदाराची माणसं शिडी, बांबूला बांधलेला कोयता आणि पेट्रोलवर चालणारी करवत घेऊन आली. त्यांचा मुकादम रशीदभाई, पांढऱ्या दाढीचा, सौम्य माणूस.

"अम्मा, दो टहनियां निकालनेकी हैं. पूरा झाड नई काटते," तो म्हणाला.

"आधी नाव सांग."

त्यानं सांगितलं. त्याच्या माणसांनीही सांगितलं. मग जेवण निघालं. गरम भाकरी, पुंडीची, म्हणजे अंबाडीची भाजी, शेंगाची चटणी, वर ताक. ते जेवेपर्यंत लाइन बंद ठेवायची वेळ संपली. सबस्टेशनातून फोन आला, करंट सोडायचा होता. माणसं ढेकर देत शिडी घेऊन परत गेली.

पुढच्या खेपेला फांदीच्या बरोबर खाली एक बाळंतीण झोपलेली निघाली. ती कुठल्या गावची, हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. मावशीनं तिला एसटीतून उतरवून घेतलं होतं म्हणे. "उठवतूस व्हय तिला?" मावशीनं विचारलं. रशीदभाईनं कानाला हात लावला.

तिसऱ्या खेपेला त्यांच्यासोबत एक साहेब होता. मावशी शिडीच्या खालच्या पायरीवर बसून राहिली. रस्त्यावर गर्दी जमली. साहेबानं मला दुकानातून बोलावून घेतलं. "तुमची मावशी आहे म्हणे. समजवा."

मी गेलो. गिऱ्हाइकं बघत होती, शाळेचे गुरुजी बघत होते. "मावशी, ऊठ बघू," मी हळूच म्हणालो.

"कामून उठू?" ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "झाड माझ्या अंगणात. मुळं माझ्या मोरीचं पाणी पिऊन वाढल्यात. तार तुमची हाय न्हवं? मग तारच सरकवा की!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी शिट्टी मारली. साहेबाचा चेहरा लाल झाला. "उद्या काही झालं तर आम्हाला सांगू नका," म्हणाला आणि जीपमध्ये जाऊन बसला. रशीदभाई शिडी उचलायला वाकला, तेव्हा तेवढं मावशीला म्हणाला, "अम्मा, हवा पूछ के नई आती."

त्या दिवशी मावशीनं सगळ्यांना बुंध्याजवळ बसवलं. गूळपाणी दिलं.

हवा आली ती चांगल्या लखलखत्या दुपारी. पाऊस नाही, ढग नाही. रानातून धुळीचा लोट उठला आणि लिंब गदागदा हलायला लागला. मी दुकानाचं शटर ओढत होतो. फांदी तारेवर आपटली, एकदम निळा उजेड झाला, आणि तार तुटून पलीकडं दत्तूच्या गोठ्यात पडली.

दत्तू आणि शेवंता म्हणजे मावशीचे भिंतीला भिंत शेजारी. दुसऱ्याच्या रानात कामाला जाणारी माणसं. घरात दोन लेकरं आणि एक म्हैस, जिच्या दुधावर घर चालायचं. शेवंता तेव्हा नुकतीच शेणाची पाटी घेऊन उकिरड्याकडं गेली होती. म्हैस बांधलेली होती.

मी सबस्टेशनला फोन लावला. करंट बंद झाल्याचं कळेपर्यंत कुणाला जवळ जाऊ दिलं नाही. शेवंताला दोन बायांनी धरून ठेवलं होतं. नंतर ती गार पडलेल्या म्हशीच्या मानेवर हात ठेवून बसली, दावं सोडायचा प्रयत्न करत राहिली. गाठ सुटत नव्हती.

मावशी गोठ्याच्या दाराशी उन्हात उभी होती. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता, पायात चप्पल नव्हती. शेवंतानं मान वर करून तिच्याकडं बघितलं, आणि पुन्हा दाव्याच्या गाठीकडं वळली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आम्हा सगळ्यांनाच तेव्हा काहीतरी ऐकून घ्यायचं होतं.

शिव्या दिल्या त्या गावानं. गिरणी बंद, नळाला पाणी नाही. "म्हातारीच्या हट्टापायी," असं जो तो म्हणायला लागला. टाळ्या वाजवणारे हात कुठं गेले कुणास ठाऊक. शिट्टी मारणारा माझ्याच दुकानात उभा राहून मला सांगत होता, "तुमी तिला आवरायला पायजे होतं." मी माप काट्यावर ठेवून खाली बघत राहिलो. पटण्यासारखंच होतं ते.

मावशीनं मला निरोप धाडला. माझ्याकडं न बघताच म्हणाली, "त्या रशीदला बोलीव."

रशीदभाई आला. नाव विचारायची गरज नव्हती, पण जेवलास का, हेही तिनं विचारलं नाही. "काप," म्हणाली. "कुठपतूर कापायचं ते तूच ठरीव. लागलं तर बुडापासून काप." आणि ओसरीवर भिंतीकडं तोंड करून बसली. करवत सुरू झाली तशी तिची पाठ हलली, एवढंच मला दिसलं. रशीदभाईनं तारेकडच्याच फांद्या काढल्या, बाकी झाडाला हात लावला नाही. काम झाल्यावर त्यानं ओसरीजवळ येऊन विचारलं, "अम्मा, भाजी है क्या थोडी?"

"आज न्हाई केली रं," मावशी भिंतीलाच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःची म्हैस सोडली. गाभण होती, दिवस भरत आले होते. दावं माझ्या हातात दिलं. "शेवंताच्या दारात बांधून ये. मी सांगितलं म्हणू नगंस."

"मग कुणी दिली म्हणू? गावात तुझी म्हैस कोण ओळखत न्हाई?"

"काय बी म्हण."

पण म्हैस जागची हलेना. मी ओढतोय, ती चारी पाय रोवून उभी. शेवटी मावशीलाच मागून चालत यावं लागलं. दत्तूच्या दारापर्यंत मावशी आली आणि उलट पावली माघारी गेली. दत्तू "न्हाई न्हाई" म्हणत राहिला. शेवंतानं दावं घेतलं आणि म्हशीला नव्या खुंट्याला बांधलं. मग बराच वेळ मावशीच्या बंद दाराकडं बघत उभी राहिली.

त्यानंतर मावशी बाहेर यायची थांबली. पाणी आणायला मागच्या वाटेनं जायची, तेही डोक्यावरून पदर ओढून. अंगणाच्या बाजूला लिंबाची सावली अजून होती. लोक येऊन बसत, कुणीही कुठंही बसे. पत्ते खेळत, थुंकत. मोबाइलवर गाणी वाजत. इतकी वर्षं ज्या बाईच्या तोंडाची मला लाज वाटली, तिनं आता एकदा काठी घेऊन बाहेर यावं असं मला वाटायला लागलं.

एका दुपारी मी तिच्या घरात गेलो. समोरच दुकान असून मी आत असा गेलोच नव्हतो, जे काही बोलणं व्हायचं ते अंगणात. मावशी जमिनीवर बसून निवडलेलीच डाळ पुन्हा निवडत होती.

"मावशी, बाहेर ये की. लोकं घाण करायलेत."

"करू दे."

"त्या फांदीपायी एवढी भांडलीस, आता झाडाकडं बघत बी न्हाईस."

तिनं सूप खाली ठेवलं. "फांदीचं काय करायचंय मला? घरात कोण येतंय रं माझ्या? सणाला न्हाई, वाराला न्हाई. रस्त्यावर सावली पडायची म्हणून माणूस थांबायचं. थांबलं की नाव विचारायची. नाव सांगितलं की चार शब्द तरी बोलायचं. ती फांदी गेल्यावर कोण थांबंल, म्हणून मी शिडीवर बसले. आणि त्यापायी त्या लेकरांचं दूध गेलं."

डाळीतला एक खडा मी उगाच बाजूला काढला.

मग दारात शेवंता उभी दिसली. हातात रिकामी चरवी. मावशीनं पदर पुढं ओढला आणि उठून आतल्या खोलीत जायला लागली.

"अक्का, म्हस याली," शेवंता म्हणाली. "रेडी झाली."

मावशी थांबली. पाठ मात्र आमच्याकडंच.

"पर पान्हा सोडना झालीया. रेडी लावली, पेंड ठिवली, अंगावरनं हात फिरवला. लाथा झाडायलीय. तुमी काय म्हणत हुता तिला पिळताना?"

"काय न्हाई."

"काय तरी म्हणत हुताव. भिंतीपलीकडनं ऐकू यायचं."

मावशी पुटपुटली, "शिव्या द्यायची."

"मग मी बी दिल्या की! चांगल्या दिल्या. तरी लाथ मारली."

"तुझ्या मराठीत असतील. तिला कानडी कळतंय."

मला हसू फुटलं. शेवंता हसली नाही. ती उमरग्याकडची, तिला कानडी धड येत नसे. "मग तुमीच चला," म्हणाली.

"त्या गोठ्यात मी कसल्या तोंडानं येऊ, शेवंता?"

"तोंड नगं अक्का. आवाज पायजे. लेकरं दुधाची वाट बघायलेत."

शेवंता चरवी सांभाळत तिच्यापाशी गेली आणि मनगटाला धरून तिला दाराबाहेर घेऊन आली. अंगणातून जाताना पत्तेवाल्यांनी माना वर केल्या. मावशीनं कुणाकडं बघितलं नाही, आणि मी मागोमाग चालत राहिलो.

गोठ्याच्या उंबऱ्यात ती अडली. तार पडली होती तिथली जमीन शेवंतानं शेणानं सारवून घेतली होती. मावशी त्या जागेकडं बघत उभी राहिली. शेवंता गुडघ्यात चरवी धरून म्हशीच्या कासेखाली बसली. म्हशीनं मान वळवली, नाक फुरफुरलं.

"सुम्मने निल्लऽ, सोंबेरी!" मावशी म्हणाली. गुमान उभी ऱ्हा, आळशे! आवाज घोगरा होता, कितीतरी दिवस न वापरलेला. मग तो मोकळा होत गेला. ऐतखाऊ, नकटे, तुझ्या आईनं तुला असलंच शिकवलं का, सगळं कानडीत, एका दमात. म्हशीनं कान टाकले. चरवीत पहिली धार वाजली.

मावशी म्हशीजवळ गेली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. शिव्या चालूच होत्या, पण मधेच ती कानडीतच हळू म्हणाली, आता हेच तुझं घर बाई, मागं वळून बघायचं नाही. आणि मग तिला पुढचं बोलता येईना. पदराचा बोळा तोंडात धरून ती तशीच उभी राहिली.

धार थांबली. म्हशीनं एक पाय उचलला.

शेवंतानं मान वर केली नाही. कासेवरचा हातही काढला नाही.

"अक्का," ती म्हणाली, "थांबू नगा."