चाळीसगावपर्यंतचे नाना

चाळीसगाव स्टेशनावर मी एका भल्या माणसाला हलत्या गाडीतून खाली उतरवलं, आणि वर स्वतःची पाठ थोपटून घेतली. मी बँकेत कारकून. चालत्या गाडीतून माणूस सुखरूप उतरवणं हे माझ्या हातून झालेलं त्या वर्षातलं एकमेव धाडस होतं, म्हणून मी ते पुढं सबंध रेल्वे प्रवासात डब्यातल्या लोकांना रंगवून सांगितलं.

तो माणूस म्हणजे आमचे हिलालनाना.

धुळ्याला पाचव्या गल्लीत ते आमच्या समोर राहायचे. पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यभर त्यांनी पाटाचं पाणी सोडलं आणि बंद केलं. पुरातली पांझरा हे त्यांनी पाहिलेलं सगळ्यांत मोठं पाणी. आणि तरीही उभ्या धुळ्यात कुणाला गोव्याला बोटीनं जायचं असलं, की तो आधी नानांचं दार ठोठावायचा. त्या काळात मुंबईहून सकाळी बोट सुटायची, ती दुसऱ्या दिवशी पणजीला लागायची. रजा मिळाली की शिकल्यासवरल्या घरांतून त्या बोटीचं खूळ निघे.

नाना त्या बोटीवर कधी चढलेले नव्हते. समुद्रही त्यांनी पाहिलेला नव्हता. ते हे लपवतही नसत.

"समुद्र काय, पाणीच शे," ते म्हणायचे. "पाटाले दोन काठ दिसतस, त्याले एकच. एवढाच फरक."

जो कुणी बोटीनं जाऊन येई त्याला नाना चहाला बोलवायचे आणि उलटतपासणी घ्यायचे. स्वयंपाकघर बोटीच्या कुठल्या अंगाला? धुराड्याचा धूर कुणीकडं पडतो? बाईमाणसाला तोंड धुवायला आडोसा आहे का? शिरपूरच्या एका डॉक्टरांना तर त्यांनी इतकं पिळलं, की डॉक्टर म्हणाले, "नाना, मी सुट्टीवर गेलो होतो, सर्वेला नाही."

त्या दिवाळीत बोटीचं खूळ आमच्या घरात शिरलं. मी, बायको सुमन आणि दोन मुलं. मी वही-पेन घेऊन नानांकडे गेलो. त्यांच्या ओसरीत एक झोपाळा होता, आणि तो आडवा टांगलेला होता. म्हणजे बसणारा पुढं-मागं न जाता डावी-उजवीकडं डुलायचा. पाहुणे पहिल्यांदा बसले की एका बाजूला सांडायचे. त्या झोपाळ्यावर नानांनी मला बसवलं आणि स्वतः खाली पाटावर बसले.

"पेन ठेव खिशात. हे डोक्यात ऱ्हायला पाहिजे," ते म्हणाले. "पहिला नियम. बोटीवर एकटं जावानं नही."

"आम्ही चौघं आहोत, नाना."

"ते ठीक शे. दुसरा नियम. गाडीचा भरवसा नसतो, एक दिवस आधी मुंबई गाठायची. बोट कुणासाठी थांबत नही. तिसरं. केबिनच्या नादी लागू नको, डेकवर जा. पण धक्क्यावरून आत शिरल्या शिरल्या बठ्ठ्यांनी सामान उचलायचं नही. एकानं फक्त सतरंजी घेऊन पळायचं. मधोमध जागा धरायची, स्वयंपाकघरापासून लांब. मच्छी तळायला लागले की आपल्या शाकाहारी पोटाला वास सोसत नही. बोट टोकाला जास्त डुलते, मधी कमी."

"सतरंजी किती मोठी?"

"पाच जणांची."

"नाना, आम्ही चौघं."

"पाचवी जागा असू द्यावी," नाना झोपाळ्याची कडी चाचपत म्हणाले. "कोणी बी असतं."

मी मान हलवली. म्हातारपणी मोजण्यात गफलत होते, असं मनात म्हणालो.

दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी आमची तालीम सुरू झाली. चौघांनी झोपाळ्यावर बसायचं, नाना झोके द्यायचे, आणि डुलता डुलता आम्ही दशम्या आणि लसणाची कोरडी चटणी खायची. पोट भरलेलं नको आणि रिकामंही नको, हा चौथा नियम. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या चार दिवस टिकतात, हा त्याचा पोटनियम. मुलं खिदळायची. सुमन पदर खोचून आरामात जेवायची. मी तिसऱ्या झोक्याला पांढरा पडायचो.

"खाली पाहू नको, भाऊ! लांब पाहा, लांब!"

लांब म्हणजे समोर आमचंच घर होतं. दाराला लागलेलं कुलूप बघत मी दशमी गिळायचो. एकदा ती गिळली गेली नाही. ओसरी मला धुवावी लागली. नाना बादलीतून पाणी घालत म्हणाले, "अक्काबी पहिल्या दिशी अशीच."

अक्का म्हणजे त्यांची बायको. तिला जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. झोपाळा तिच्यासाठी आडवा टांगलेला होता, हे मला त्या ओल्या ओसरीत कळलं.

अक्काचं माहेर पारोळा. धुळ्याहून एसटीनं तासाभराचा रस्ता, पण अक्काला एसटी लागायची. स्टँड सोडलं की ती हातातलं लिंबू हुंगायला लागे आणि मुठीत आवळासुपारीची पितळी डबी धरून बसे. वाटेतलं मुकटी गाव येईपर्यंत पोटातलं सगळं बाहेर आलेलं असे. आणि या बाईनं कुठल्याशा कॅलेंडरवर बोटीचं चित्र पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाली, एकदा यात बसायचं. नानांना एसटी लागणाऱ्या बायकोला बोटीत बसवायचं होतं. त्यांनी झोपाळा सोडला आणि आडवा टांगला.

"वरीसभर झोके दिधले तिले," नाना सांगत होते. "मग एक दिवस मुकटी गेलं, तरी तिनं लिंबू मागितलं नही. मी पारोळ्याच्या स्टँडवर पेढे वाटले. सासऱ्याला वाटलं, नातू होणार. पन्नाशीची बाई! मग एरंडोलपर्यंत नेली. मग जळगावले. त्याच्या पुढं नशिराबादलाबी नेऊन आणली, काही काम नव्हतं तिथं, नुसती दाखवायला नेली की पाहा, तू इथपर्यंत आलीस."

"मग?"

"मग बोटच ऱ्हायली होती. दिवाळीनंतरची ठरवली. ती श्रावणात गेली."

आता अशा वेळी माणसानं काय विचारावं? मी अरेरे म्हणालो, आणि विचारलं, "नाना, बिछाना होल्डॉलमध्ये बांधू की नुसती वळकटी?"

नानांनी माझ्याकडं पाहिलं. "वळकटी," म्हणाले. "लाल चिंधी बांध तिला. गर्दीत ओळखू येते."

जायचे दिवस जवळ आले तसे नानांचे नियम वाढत गेले. पाण्याला फिरकीचा तांब्या घ्या, उघडा गडू सांडतो. बोटीवर लागेल तेवढं एका हातपिशवीत, बाकी ट्रंक उघडायची नाही. दशम्या पाच जणांच्या करा. मुलं कठड्याशी पळतात, तेव्हा बरोबर एक म्हातारं माणूस असलेलं बरं.

हे शेवटचं मला एकदम पटलं. मी म्हणालो, "खरं आहे, नाना. आईलाच बोलावून घेतो."

नाना झोपाळ्याची कडी चाचपू लागले. मग म्हणाले, "विचार तिला."

आईनं कळवलं, की मला विहिरीत डोकावलं तरी गरगरतं. हे मी नानांना हसत हसत सांगितलं, तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. मला वाटलं, विनोद आवडला.

बोटीच्या लोकांना सोडायला चाळीसगावपर्यंत जायचं, हा नानांचा शिरस्ता होता. धुळ्याहून छोटी गाडी चाळीसगावला जाते, तिथं मुंबईची गाडी धरायची. नाना आजवर किती तरी कुटुंबांबरोबर चाळीसगावपर्यंत गेले होते. सामान चढवायचे, पोरांच्या डोक्यावर हात फिरवायचे आणि परतीच्या गाडीनं एकटेच धुळ्याला यायचे. गल्लीत त्यांना कुणी विचारलं, काय नाना, कुठं जाऊन आलात, तर सांगायचे, "बोटीपर्यंत."

आमच्या वेळी ते कडक इस्त्रीचं धोतर, वर कोट आणि नव्या चपला घालून आले. खांद्याला खाकी पिशवी.

"नाना, लग्नाला निघालात की काय?" मी विचारलं.

"असं समज," ते म्हणाले.

चाळीसगावला उतरल्यावर ते तिकिटाच्या खिडकीपाशी गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. प्लॅटफॉर्मच्या तिकिटाला एवढी रांग! मी इकडं सामान मोजत वैतागत होतो. मुंबईची गाडी आली, तसे ते सगळ्यांच्या आधी डब्यात शिरले. लाल चिंधीची वळकटी वर टाकली, सतरंजी आणि खांद्यावरची पिशवी बाकाखाली सरकवली, धाकट्याला मांडीवर घेतलं आणि खिडकीशी बसले. सुमन आत, पलीकडच्या बाकावर मोठीची वेणी घालत होती. इंजिनानं शिट्टी दिली.

"नाना, उतरा आता."

"बसू दे ना रे, भाऊ."

"अहो, गाडी हलली!"

"हलू दे."

म्हाताऱ्या माणसाला ऐन वेळी मस्करी सुचते! मी धाकट्याला ओढून बाजूला ठेवलं. तो रडत होता, "नाना पाहिजे!" मी नानांच्या दंडाला धरलं आणि त्यांना दारापर्यंत आणलं. दारात एक आडदांड पैलवान उभा होता, त्याच्या मदतीनं मी त्यांना अलगद प्लॅटफॉर्मवर ठेवलं. एक नवी चप्पल आतच राहिली होती, ती मी वरून टाकली. नानांनी ती उचलली नाही. ते आमच्या खिडकीकडं हात करून काहीतरी म्हणत होते. गाडीच्या आवाजात ऐकू येईना. मला वाटलं, पुन्हा तेच, लांब पाहा, लांब. मी जोरजोरात हात हलवला. मग प्लॅटफॉर्म संपला.

पैलवान म्हणाला, "तुमचे वडील का?"

"नाही हो, शेजारी. सोडायला आले होते. वेळेवर उतरवलं म्हणून वाचले."

बोटीवर सगळं नानांच्या नियमानं झालं. मी सतरंजी घेऊन पळालो. मधोमध जागा मिळाली. स्वयंपाकघर लांब, धूर पलीकडं. लाल चिंधीची वळकटी गर्दीतून बरोबर हाती लागली. शेजारच्या कुटुंबांची वाताहत झालेली बघून मी ऐटीत सतरंजीवर पाय पसरले. तरी एका माणसाची जागा उरलीच. लोक ती मागायला लागले, म्हणून मी मिळेल ते सामान तिथं रचून ठेवलं.

किनारा मागं पडला. मुलं नाचत होती, सुमन लांब जिथं आभाळ पाण्याला टेकतं तिथं बघत शांत बसली होती. मी मात्र कठड्यावरून खाली पाण्याकडं पाहिलं. धुळ्याच्या ओसरीत झालं होतं तेच झालं, फक्त या खेपेला ओसरी धुवावी लागली नाही.

"लिंबू कुठं आहे?" मी सतरंजीवर आडवा पडत कण्हलो.

सुमननं पाचव्या जागेवरच्या पिशव्या चाचपल्या. एक खाकी पिशवी वर आली. ती आमची नव्हती.

तिनं ती उघडली. वर लिंबं होती. त्याखाली एक धुतलेलं धोतर, स्वेटर, दंतमंजनाची डबी, नवा टॉवेल. फडक्यात बांधलेल्या दशम्या, एका माणसाला पुरतील एवढ्या. आणि तळाशी एक पितळी डबी. सुमननं झाकण काढलं. आत जुनी आवळासुपारी होती.

तिनं झाकण लावलं आणि डबी मुठीत धरून बसली. लिंबू काही दिलं नाही.

"बघ, किती वेंधळे नाना," मी पडल्या पडल्या म्हणालो. "स्वतःची पिशवी गाडीत विसरले."

सुमननं माझ्याकडं पाहिलं. मग शेजारपाजारच्या चार सतरंज्यांवर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"विसरले नाहीत ते. सामान तेवढं बोटीवर आणलंत, आणि माणूस चाळीसगावला उतरवून आलात!"