तुळजाबाईंनी आमराईचा तंटा तोडिला त्याची हकीकत

श्रीगजाननास आणि शारदेस वंदून, कानी आले तैसे लिहितो. शके सोळाशे नव्वद, सर्वधारी नाम संवत्सर, वैशाख मास. एके राज्यी हैबतराव आणि सुभानराव ऐसे सख्खे बंधू होते. तीर्थरूप निवर्तले आणि आमराईची वाटणी करणे प्राप्त जाहले. मग मधोमध दोरी बांधिली, आणि थोरले हैबतराव, अंगाने उंचेपुरे, यांनी आपला भाग पावलांनी मोजिला, तो चाळीस भरला. आणि धाकटे सुभानराव, ठेंगणे, यांनी आपला मोजिला, तो पन्नास भरला. मग हैबतराव संतापले आणि भर लोकांत बोलिले, "दोरी सरकविलीस. तू चोर आहेस." सुभानरावांचे डोळ्यांस पाणी आले, आणि बोलणे तुटले, आणि दोरीचे जागी काटेरी कुंपण पडले, आणि दोहींकडे माणसे काठ्या घेऊन बसू लागली.

हैबतरावांची कन्या तुळजा, वय वर्षे सहा, पंतोजींचे शाळेत जात असे. काकांचे घरी जाणे बंद जाहले म्हणोन ती फार कष्टी होती. एके दिवशी पंतोजींनी शाळेतील घोंगडी वितींनी मोजविली. त्यांचे वितीने सात भरली आणि तुळजाचे वितीने बारा. ती गोंधळली, तेव्हा पंतोजी म्हणाले, "घोंगडी तीच आहे, मुली. वीत कोणाची, ते आधी विचारावे."

मग ती शाळेतून धावतच आमराईत आली आणि वडिलांचा शेला ओढून म्हणाली, "आबा, काकांचे पाय तुमच्याहून आखूड आहेत ना?" माणसे हसली. हैबतराव रागे भरले, "घरी जा." ती हलली नाही. म्हणाली, "मग काकांची बाजूही तुम्हीच मोजा ना."

सुभानराव पलीकडेच उभे होते, त्यांनी वाट दिली. हैबतराव कुंपण ओलांडोन गेले आणि पावले टाकू लागले, आणि तुळजा मोठ्याने आकडे म्हणत बरोबर चालली. छत्तीस, सदतीस होता होता त्यांचा पाय जड जाहला. बांधापाशी चाळीस भरली. एक अधिक नाही, एक उणे नाही.

"आबा, बरोबर आले ना? मग रडता का?"

हैबतरावांनी पागोटे उतरून बंधूपुढे ठेविले. "सुभाना, माझी चूक झाली."

सुभानराव म्हणाले, "दादा, मोजण्यात चूक होते. पण चोर कशास म्हणालात?"



तात्पर्य, कुंपण त्याच दिवशी निघाले. सुभानराव दादांचे पंक्तीस बसले ते मात्र दिवाळीस. तुळजा त्याच सांजेस काकांचे घरी जेवली आणि तेथेच निजली. घडले इतुके लिहिले.