भोंग्यापर्यंतचे भोयरभाऊ

कारखान्याच्या वसाहतीत आमच्याच सेक्टरमध्ये राहणारे नामदेव भोयर पावसाळ्यात फुटबॉल खेळत, हिवाळ्यात क्रिकेट, आणि दोन्हींतला एकही सामना त्यांनी शेवटपर्यंत खेळला नव्हता. प्लांटचा संध्याकाळचा भोंगा झाला, की ते असतील तिथून चालू लागत. एकदा तर कॉर्नरला चेंडू ठेवला, भोंगा झाला, आणि भाऊ चेंडू तसाच सोडून सायकलवर बसले.

दुसऱ्या दिवशी कोणी निकाल विचारला तर उत्तर ठरलेलं: "मी होतो तवरी तं आपण जिंकूनच राहिलो होतो!"

मी प्लांटमधल्या त्यांच्याच शॉपमध्ये, म्हणजे खात्यात, कारकून, आणि खात्याच्या दोन्ही संघांचा मॅनेजर. म्हणजे लिंबूपाणी वाटणारा. त्यांना संघातून काढायचं दर हंगामात मनात यायचं, पण माणूस खेळायचा झकास. क्रिकेटमध्ये मात्र चेंडू पायानंच अडवत आणि पायानंच विकेटकीपरला पास देत.

"भाऊ, हात लावा ना!" मी ओरडायचो.

"देवानं पाय देले ना! वाकू कावून?"

फुटबॉलमध्ये कोणी धक्का दिला, की हेच गृहस्थ रेफ्रीकडे वळून "हाऊज दॅट!" करत.

भोंग्याचं कारण आम्ही ठरवून टाकलं होतं. भाऊ बायकोला घाबरतात. "पळा भाऊ, नाही तं लाटणं पडन!" पोरं टर उडवत. भाऊ हसत आणि पेडल मारत.

एका रविवारी ते टोपी विसरले. ती द्यायला मी त्यांच्या क्वार्टरवर गेलो. दार उघडंच होतं. लाटणं होतं, पण भाऊंच्याच हातात. पोळ्या करता करता ते बटाट्याला पायानं ढकलून गोल कसा मारला ते दाखवत होते. भोयरवहिनींचे गुडघे संधिवातानं गेलेत, हे सगळ्या सेक्टरला ठाऊक होतं. पण खाटेवर पडून त्या इतक्या हसतात, हे मला ठाऊक नव्हतं.

"मंग?" वहिनींनी विचारलं.

"मंग का, भोंगा झाला. जिंकून राहिलो होतो."

मला सोडायला ते फाटकापर्यंत आले. मी म्हटलं, "भाऊ, पूर्ण खेळून आलात तर काय बिघडेल?"

"अन् हारलो तं? तिच्यासंग खोटं बोलता येत नाही मले. दिवसभर एकटी पडून राह्यते. तिले हारल्याचं कावून सांगू?"

तेव्हापासून भोंग्याच्या आधी त्यांची सायकल मीच मैदानाच्या फाटकाशी आणून ठेवू लागलो.

पुढं एका पावसाळ्यात वहिनी वारल्या. त्या हिवाळ्यात भाऊ पुन्हा खेळायला आले, तेव्हा मला फार बरं वाटलं. आमच्या शॉपची फायनल होती. भोंगा झाला. बॉलरसुद्धा सवयीनं थांबला. सायकल फाटकाशी तयार होती. भाऊ जागचे हलले नाहीत. शेवटच्या षटकात त्यांनीच, चक्क वाकून, दोन्ही हातांनी झेल घेतला आणि आम्ही जिंकलो. पोरांनी त्यांना खांद्यावर नाचवलं.

मैदान रिकामं झालं तरी भाऊ सायकल धरून उभेच.

"जिंकलो ना गा आपण?"

"जिंकलो भाऊ."

"आता सांगू कोणाले?"

मी त्यांच्या हातातली सायकल घेतली आणि म्हटलं, "मला सांगा."

क्वार्टरपर्यंत चालत ते मला मी पाहिलेलाच सामना पहिल्या चेंडूपासून सांगत राहिले. मधेच थांबले, की मी म्हणत होतो, "मंग?"