ओटी भावोजीच्या फोनात

अन्याय झाला तो इब्रामपूरच्या सत्यभामाकाकीवर. गेल्या मंगळवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, पेडण्यातल्या एका बँकेच्या तीन नंबरच्या खिडकीपुढे. वेळ मी तिथेच हातावर लिहून घेतली. आमच्या महिला समितीत पत्रक लिहायला शिकवताना पहिली गोष्ट सांगतात ती ही, की वेळ लिहिली नाही तर लोक त्याला गाऱ्हाणं समजतात आणि पुढच्या वळणावर विसरतात. तर अकरा दहाला खिडकीमागचा इसम म्हणाला, "आजी, बोट लागत नाही तुमचं. घरात कोण पुरुषमाणूस असेल तर घेऊन या."

काकीने त्याच्याकडे बघितलं. मग स्वतःच्या उजव्या अंगठ्याकडे बघितलं आणि त्या अंगठ्यालाच म्हणाली, "आयकलस मरे? तुझ्यापेक्षा खंयचोय बापयो बरो." बापयो म्हणजे पुरुषमाणूस.

काकी बोटांशी बोलते. आमची घरं लागून आहेत, म्हणून मला सवय आहे, बँकेला नाही. दहाही बोटांना तिने नाती दिलेली आहेत. उजवा अंगठा म्हणजे घोव, नवरा. एके काळी सगळा कारभार त्याच्या ठशावर चालायचा, आता नुसता असतो. त्याच्या शेजारचं बोट सासू, कारण ते कायम दुसऱ्याकडे रोखलेलं. मधलं बोट दीर, सगळ्यांहून उंच आणि जेवायला सगळ्यांच्या पुढे. अशी यादी डाव्या हातापर्यंत जाते आणि करंगळीपाशी संपते. करंगळी म्हणजे सून. गेल्या तीन वर्षांत यंत्राने एकदाच हिरवा दिवा दाखवला तो या सुनेला. काकीला मूलबाळ नाही, त्यामुळे तिला सून आहे ती एवढीच.

यंत्रापुढे बसण्याआधी ती पिशवीतून ओला पंचा काढते. बोटं पुसते, लिंबाची फोड चोळते, पुन्हा पुसते, फुंकर घालते, मग एकेक बोट केसांवरून फिरवते. मागची रांग उसासे टाकते. काकी मागे वळून शांतपणे सांगते की देवाक जाताना पण न्हावन जावचां लागता. मग सुनेपासून सुरुवात. लाल दिवा. मग नणंद. लाल दिवा. घोवापर्यंत पोचेस्तोवर रांगेतले दोघे चहाला जाऊन आलेले असतात.

ही बोटं मेली कशी, ते कुणी विचारत नाही, म्हणून मी सांगते. काकीने सव्वीस वर्षं डिचोलीच्या वाटेवरच्या एका कारखान्यात काजूबिया फोडल्या. बीच्या टरफलात तेल असतं. लाकडाला लावलं तर वाळवी जवळ येत नाही, एवढं ते जळजळीत. ते तेल आमच्या बायकांच्या हातांना रोज आठ तास लागायचं. हातमोजे नव्हते, राख मिळायची, ती चोळा आणि बसा. कातडी काळी व्हायची, सोलायची, नवी यायची, तीही जायची. रेषा मात्र परत यायच्या नाहीत. बियांचं वजन करायला आणि वहीत लिहायला पुरुष होते. त्यांची बोटं आजही पहिल्या फटक्यात लागतात.

"बापयांचां बोट कसां झटकन लागता बघ," काकी म्हणते. "नवाच आसा. वापरलाच नाय."

स्त्री-पुरुष समानतेवर मी पाच पत्रकं लिहिली आहेत. पाचांत मिळून एवढं जमलेलं नाही. सहाव्या पत्रकात हे वाक्य मी चोरलं.

बोट नसेल तर तोंड चालतं, असं सेवा केंद्रात सांगतात. तिथला माणूस मोबाइल धरतो, आपण त्यात बघायचं आणि डोळे मिचकावायचे, म्हणजे समोर माणूस आहे की माणसाचा फोटो, हे यंत्राला कळतं. काकीला त्याने सांगितलं, काकी, जरा डोळे मारा. बिचारा घाईत होता, शब्द चुकला. काकी ताठ झाली. म्हणाली, चाळीस वर्षांच्या संसारात मी माझ्या घोवाला कधी डोळा मारला नाही, तो तुला मारू? मी समजावलं, केंद्रातल्या माणसाने हात जोडले, पण काकी पापणी न हलवता मोबाइलकडे बघत राहिली. मी सांगते, तेवढी जिवंत नजर त्या केंद्रात दुसरी नव्हती. यंत्राने निकाल दिला: जिवंत व्यक्ती आढळली नाही.

राहिला ओटीपी. काकी त्याला 'ओटी' म्हणते, आणि मी कितीदा सांगितलं तरी पुढचा 'पी' तिच्या लेखी नाही. पहिल्यांदा मला हसू आलं होतं. मग तिने जे सांगितलं त्यानंतर आलं नाही.

"घोव गेलो तेव्हापासून माझी ओटी कोणी भरूक नाय. हळदीकुंकवाक गेलंय तर माका पाटावरना उठयतत. आता हे बँकवाले भरतत, तर ती पडता भावोजीच्या फोनात. बायलेची ओटी, आणि पदर बापयाचो. हसतस कसली?"

भावोजी म्हणजे तिचे धाकटे दीर, पांडुरंग. राहतात डिचोलीत. खाणीच्या मालाचे ट्रक चालवायचे, ट्रक थांबले तसे तेही थांबले. आता बाजारात मित्राच्या दुकानाबाहेर बसतात. काकीचं खातं उघडलं तेव्हा फॉर्म त्यांनी भरला आणि नंबर आपला टाकला, कारण घरात मोबाइल होता तो त्यांच्याकडे. माणूस वाईट नाही. दिवाळीला फोव, म्हणजे पोहे, घेऊन येतो, पावसाआधी कौलं बघून जातो. पण गॅसचा सिलिंडर असो, विजेचं बिल असो, डॉक्टरची चिठ्ठी असो, आकडा त्यांच्या फोनवर पडतो, काकी त्यांना फोन करते, आणि ते आधी विचारतात, "कसल्याक गे?" कशासाठी गं, म्हणून. त्या दोन शब्दांवर मी सातवं पत्रक लिहिलं आहे.

दोन वर्षांपूर्वी काकीच्या छातीत गाठ लागली. हे मी तिला विचारून लिहिते आहे. म्हापशाच्या इस्पितळात नाव नोंदवायला आकडा लागला. भावोजी तेव्हा बसमध्ये होते. बसमध्ये काही ऐकू येईना, म्हणून ते ओरडून विचारत राहिले, कसल्याक गे, कसली चिठ्ठी, खंय दुखता. आणि रांगेत उभ्या काकीला माझ्या फोनवरून उत्तरही ओरडूनच द्यावं लागलं. गाठ साधी निघाली. पण संध्याकाळपर्यंत बातमी दोन तालुक्यांत फिरली, आणि काकी पुढचे पंधरा दिवस विहिरीवर सुद्धा उजाडायच्या आधी जाऊन येत होती.

त्यानंतर तिने मोबाइल घेतला. स्वतःचा. तिला एवढंच हवं आहे: आपला आकडा आपल्या फोनवर यावा, आणि कशासाठी ते कुणाला सांगावं लागू नये. भावोजींना तिने विचारून बघितलं. त्यांना राग आला नाही, वाईट वाटलं, आणि ते जास्त अवघड. "तुका वेगळो नंबर कित्या होयो वयनी? आमी मेलंव?" जिवंत माणसाला यापुढे काय सांगणार.

म्हणून मंगळवारी आम्ही बँकेत होतो. पुरुषमाणूस घेऊन या, हे ऐकल्यावर मी खिडकीवर हात आपटला आणि तिथे जे बोलले ते इथे लिहीत नाही. आतून एक मॅडम आल्या. चांगल्या होत्या. काकीला खुर्ची दिली, पाणी दिलं, म्हणाल्या, नंबर बदलायला एक वाट उरली आहे. खातं उघडताना फॉर्ममध्ये एक गुप्त प्रश्न होता. त्याचं उत्तर जुळलं तर काम होईल. उत्तर मला स्वतःला दिसत नाही, तुम्ही सांगायचं, संधी तीन.

प्रश्न होता: आईचं लग्नाआधीचं नाव.

"पार्वती," काकी लगेच म्हणाली. जुळलं नाही. मी हळूच सांगितलं, काकी, लग्नाआधीचं. पार्वती हे सासरचं असणार. काकीने एकेक करून दहाही बोटांकडे बघितलं. मी बारा वर्षांची असल्यापासून तिला ओळखते. उत्तर नाही असं मी तिला कधी बघितलं नव्हतं. आमच्याकडे लग्नात ताटभर तांदळात नवरा अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो. फोटोत छान दिसतं. मग ते तांदूळ गोळा करतात, आणि जुनं नाव कुठे जातं, ते कुणी बघत नाही. मला तेव्हा वाटलं, बँकेने याहून सुरक्षित प्रश्न निवडला नसता. चोराला सोडा, पोटच्या मुलीलाही उत्तर ठाऊक नाही.

दोन दिवस शोधलं. हद्दीपलीकडे, दोडामार्गाच्या बाजूला काकीचं आजोळ. मामा गेलेले, एक म्हातारी मामी होती. तिने खूप आठवलं. मग म्हणाली, तिका सगळी बाय म्हणत. बाय म्हणजे नुसती मुलगी. कागद कुठेच नव्हता. त्या काळी त्या गावात मुलीचा जन्म कुणी लिहायला गेलेलं नव्हतं. मोटरसायकलवर परत येताना काकी माझ्या मागे बसली होती. बोटांशी सुद्धा बोलत नव्हती.

शेवटी मला सुचायला हवं होतं ते सुचलं. फॉर्म तर भावोजींनी भरला होता. मी डिचोलीत गेले आणि दुकानाबाहेरच त्यांना गाठलं. त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, लाजले.

"माका काय म्हायत तिच्या आवशीचां नाव? रकानो मोकळो सोडल्यार फॉर्म परत येय. म्हणान मी थंय 'नाय' लिवलंय."

काम झालं होतं. मी भांडायचं सोडून हसत निघाले, आयुष्यात पहिल्यांदा. दोन संधी शिल्लक होत्या आणि उत्तर आमच्याकडे होतं. काकीच्या खळ्यात पोचले, धापा टाकत सांगितलं: खिडकीत जायचं, मॅडम विचारणार आईचं नाव काय, आपण म्हणायचं 'नाय', आणि संध्याकाळपर्यंत नंबर तुझा.

काकी सुपातले तांदूळ निवडत होती. निवडत राहिली.

"चेडवा," ती म्हणाली, "माझ्या आवशीक नाव नाय, असां मी माझ्या तोंडान सांगू?"

मी म्हटलं, ते नुसतं उत्तर आहे, काकी. यंत्राला सांगायचं आहे. त्याचा काही अर्थ होत नाही. मी बरंच काही म्हटलं. पत्रकं लिहिणाऱ्याला मुद्दे कमी पडत नाहीत. तिने एकदाही वर बघितलं नाही. मग माझे मुद्दे संपल्यावर म्हणाली, "तिणा माका धा वर्सांची करून सोडलां आणि गेली. माझां पयलां नाव शेवंती. कोणी ठेवलां, म्हायत नाय. आपलांच माका दिलां आसतलां काय गे तिणा?"

मी शेजारी बसले आणि सुपातले तांदूळ निवडू लागले.

आज शनिवार आहे. काकी बँकेत गेलेली नाही आणि जाणार नाही. भावोजींचा फोन डिचोलीत वाजतो आहे. समितीने आठवं पत्रक मागितलं आहे आणि मी त्यात मागण्या लिहिल्या आहेत: हातमोजे, बायकांच्या नावावर बायकांचेच नंबर, पुरुषमाणसाची अट बंद. छापू, वाटू. यातलं काहीही उद्या होणार नाही, हे मला ठाऊक आहे, आणि मला खोटा धीर द्यायला शिकवलेलं नाही.

म्हणून ही मागणी सरकारकडे नाही, वाचणाऱ्या तुमच्याकडे आहे. हा कागद खाली ठेवा. आजी असेल तर आधी आजीकडे जा, नसेल तर आईकडे. तिचं लग्नाआधीचं नाव विचारा, आणि तिच्या आईचंही विचारा. कसल्याक असं तिने विचारलं तर काही सांगू नका, पेन काढा. आजच.