तात्यांचा पाव सेकंद

सोपानतात्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले, तेव्हा "या" म्हणायच्या आधी त्यांनी गळ्यातलं स्टॉपवॉच दाबलं आणि म्हणाले, "गेटापासून दारापत्तर एकवीस सेकंद. चपला काढाय अकरा. लई झाले, मॅडम. बक्कल काढून टाका."

मी हबकलेच. पन्नाशी उलटलेल्या बाईला चपलांच्या बक्कलावरून आजवर कुणी बोललं नव्हतं. पुढच्या वेळी मी बिनबक्कलाच्या घालून गेले. चार सेकंद लागले. तात्यांनी मान हलवली आणि आत चहा सांगितला.

तात्या मारुंजीचे. घरावर दोन मजले चढवून त्यांनी खोल्या आयटीतल्या पोरांना भाड्यानं दिल्या आहेत, आणि पौडच्या बाजूची भातशेती अजून राखली आहे. पण गावात त्यांची ओळख वेगळी. तीस वर्षं ते बैलगाडा शर्यतीच्या घाटात निशाणापाशी घड्याळ घेऊन उभे राहिले. गाडा किती सेकंदांत वर आला ते तात्यांनी सांगायचं आणि पंचक्रोशीनं मानायचं. आता सेन्सर आले, तात्या घरी बसले, घड्याळ मात्र गळ्यातच राहिलं. कुकरची शिट्टी, एसटीचा उशीर, भाडेकरूंची आंघोळ, सगळं मोजतात. "पाच मिनिटांत आलो" म्हणणाऱ्याला दारात "आठ मिनिटं चाळीस" ऐकावं लागतं, मग तो जावई का असेना. "घड्याळाला भाऊबंद नसत्यात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

"आमच्या लग्नात अंतरपाट धरला तवा बी हे मंगलाष्टकंच मोजत हुते," हौसाकाकू चहा ठेवता ठेवता म्हणाल्या.

"सहावं कडवं जरा लांबलं हुतं," तात्या म्हणाले. ते थट्टा करत नव्हते.

मी सूसला राहते. एका कारखान्याच्या स्टोअर्स खात्यात वीस-बावीस वर्षं याद्या केल्या, आता घरी बसून दोन-तीन शेतकऱ्यांच्या मालाची ऑनलाइन दुकानं सांभाळते. तात्यांचा इंद्रायणी तांदूळ त्यातलाच. दुकानाच्या पहिल्या पानावर एक मोठा फोटो होता: भातखाचरात उभी खिल्लारी जोडी, एका बाजूला तात्या, दुसऱ्या बाजूला त्यांचा धाकटा भाऊ किसन. दोघंही बैलांकडे बघून हसताहेत.

नवा तांदूळ घरात आला, पोत्यांची थप्पी पुढच्या खोलीच्या खिडकीला लागली, आणि एका सकाळी तात्यांचा फोन आला.

"मॅडम, दुकान उघडाय सतरा सेकंद लागलं. सतरा सेकंदात बैल घाट चढून, माघारी येऊन, वैरण खायला लागत्यात. गिऱ्हाईक कशाला थांबंल?"

मी तपासलं. सतराच. निम्मे लोक फोटो पुरता दिसायच्या आधीच निघून जात होते. मी यादी केली. फोटो हलके केले, नको ती सजावट काढली, आणि आकडा अकरावर आला. उरलेलं दुखणं वेगळं होतं. आमचा सर्व्हर होता परदेशात एकाच ठिकाणी, आणि नगरच्या गिऱ्हाइकालाही पान तिथूनच यायचं. उपाय होता सीडीएन. म्हणजे आपल्या पानाच्या आणि फोटोंच्या प्रती निरनिराळ्या शहरांतल्या सर्व्हरवर ठेवायच्या, आणि ज्याला जे जवळ पडेल तिथून त्याला द्यायच्या.

तात्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "म्हंजी पंगत. येकच वाढपी चुलीपासनं पळत ऱ्हायला तर शेवटचा पाव्हणा उपाशी. त्यापरीस दर पंगतीला आपली आपली भाताची बादली."

मला हे समजायला अर्धा दिवस लागला होता.

"आन् बादलीतलं शिळं झालं तर?"

"ती रिकामी करायची. दर शहराच्या नावापुढे तसं बटण आहे. नाही केली तर वर्षभर जुनंच वाढलं जाईल."

"वरीसभर," तात्या म्हणाले.

मग शहरांची यादी आली. आम्ही माल भारताबाहेर पाठवत नाही, म्हणून मी मुंबई, दिल्ली, चेन्नई एवढ्यांवर खुणा केल्या. तात्यांचं बोट खाली सरकत गेलं आणि एका नावावर थांबलं.

"ह्ये बी."

ते मेलबर्न होतं.

मी चष्मा काढून त्यांच्याकडे बघितलं. दोन सेकंद वाचवायला रिकाम्या पोत्याची घडी कशी घालावी हे शिकवणारा माणूस समुद्रापलीकडे भाताची बादली ठेवायला सांगत होता. "तात्या, तिथे एक किलोही जाणार नाही."

"तितं मराठी माणसं लई हायेत," ते म्हणाले आणि उठून गोठ्याकडे गेले. गोठ्यात आता भाडेकरूंच्या मोटारसायकली असतात.

काकूंनी मला हळूच सांगितलं. किसन मुलाकडे मेलबर्नला गेला होता. जायच्या आधी, शेवटच्या शर्यतीत, त्याची जोडी घाटात धावली. सगळ्यांच्या मते बारा सेकंदांत बारी झाली. बारी म्हणजे घाटातली एक धाव. तात्यांनी घड्याळ बघितलं आणि माइकवर सांगितलं, सव्वाबारा. पाव सेकंदानं किसनचा पहिला नंबर गेला. "पाव सेकंदासाटी भाऊ इकला," असं तो चारचौघांत म्हणाला. तात्यांनी त्यावर आपलं ठरलेलं वाक्य ऐकवलं. निघताना किसन पाया पडायलाही आला नाही. तेव्हापासून बोलणं बंद.

पाव सेकंद. मी माझ्या सासरी वाटण्या बघितल्यात, पण त्या निदान विहिरीवरून झाल्या होत्या.

मेलबर्नसकट सीडीएन सुरू झालं त्या दिवशी तात्यांनी सगळ्या भाडेकरूंना जिन्यात उभं केलं. प्रत्येकाच्या हातात त्याचा फोन. "मैं बोलेगा तब खोलनेका," त्यांनी इंदूरच्या मुलाला बजावलं आणि घाटातल्यासारखं "भिर्रर्र" केलं. तीन सेकंद. दुसरा, पावणेतीन. तिसरा मुलगा म्हणाला, "अंकल, दो सेकंड."

"अडीच," तात्या म्हणाले. "झूट नहीं बोलनेका."

गिऱ्हाइकं थांबू लागली. पोती खिडकीखाली आली. दर सोमवारी मी तात्यांना अहवाल वाचून दाखवायचे: कुठल्या शहरातून किती जणांनी दुकान उघडलं, किती सेकंदांत. ते मुंबई ऐकायचे, दिल्ली ऐकायचे, आणि मग घड्याळाच्या काचेवरची धूळ पुसत विचारायचे, "आन् बाकीचं?"

"मेलबर्न. रोज एक."

"खरेदी?"

"काही नाही. उघडतो, बघतो, बंद करतो."

"हं." मग ते विषय बदलायचे.

मधेच पौडला एका लग्नात कुणीतरी आग लावली. किसन म्हणे तिकडे सांगतो, "तात्या माझ्या फोटोवर तांदूळ विकतोय." तात्या लग्नातून जेवण सोडून थेट सूसला माझ्या दारात. "काढा त्यो फोटू. आत्ताच्या आत्ता." त्यांनी घड्याळही दाबलं. मी त्यांच्यासमोर फोटो बदलला, वाफाळत्या भाताच्या ताटलीचा लावला, आणि शहरांच्या बादल्या रिकाम्या करायला घेतल्या. एक मिनिट दहा सेकंद. तात्या खुर्चीत बसले आणि त्यांनी पाणी मागितलं. पाणी पितानाचा वेळ त्यांनी मोजला नाही. माझ्या ते तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

त्यानंतरच्या सोमवारी त्यांनी "आन् बाकीचं" विचारलं नाही. मीच सांगितलं, मेलबर्न, रोज एक. त्यांनी घड्याळाची काच पुसली.

दोन महिन्यांनी दुकानाच्या 'आम्हाला लिहा'च्या चौकटीत एक निरोप आला. बहुतेक लोक तिथे तांदूळ कधी मिळेल असं विचारतात. हा मी उभ्यानं वाचला आणि मग बसले.

"तात्या, लोक सांगत हुते तू माझा फोटू काढून टाकला. मी रोज बघतुया. हाय अजून. लोक खोटं बोलत्यात. दुकान आता दोन सेकंदात उघडतंय. किसन."

मी वही काढली. फोटो बदलला त्या दिवसाची यादी समोर होती. मुंबई, खूण. दिल्ली, खूण. चेन्नई, खूण. मेलबर्नपुढे काहीच नाही. तिथे माल जात नाही म्हणून माझ्या हातानं ते नाव आपोआप गाळलं होतं. बावीस वर्षांत माझ्या यादीत एक ओळ सुटली नव्हती. तिथली बादली रिकामी झालीच नव्हती, आणि त्या माणसाला रोज जुनाच फोटो वाढला जात होता.

मी तशीच मारुंजीला गेले. तात्या ओसरीवर होते. निरोप वाचून दाखवला. ते एकदा म्हणाले, "परत." मी परत वाचला.

"तात्या, चूक माझी आहे. बटण दाबायचं राहिलं. सांगत असाल तर आत्ता दाबते."

"नगं."

"पण वर्ष भरलं की तो फोटो आपोआप जाईल. मग त्यांना ताटली दिसेल, आणि कळेल."

तात्यांनी समोरच्या मोटारसायकलींकडे बघितलं. दारात उभ्या काकूंनी पदर तोंडाशी धरला होता.

"मग हितं बी जुना चढवा," ते म्हणाले. "समद्या बादल्यांत."

"गाव बघेल, तात्या."

"बघू द्या की. गावाला डोळं हायेत, त्याला मी काय करू?"

मी तिथेच फोनवरून फोटो चढवला. यादी केली, सगळ्या नावांपुढे खुणा केल्या, दोनदा तपासल्या. मग विचारलं, "उत्तर काय लिहू?"

"लिवा, फोटू हाय." थोडं थांबून, "लिवा, ऱ्हाईल." मग आणखी थांबून, "आन् दुकान किती सेकंदात उघडतंय त्ये लिवा. त्याला हिशोब लागतोय."

मी अहवाल उघडला. मेलबर्न, त्याच दिवसाचा आकडा. "तात्या, इथे सव्वादोन दाखवतंय. किसनभाऊंनी दोन लिहिलंय."

तात्यांनी गळ्यातलं स्टॉपवॉच हातात घेतलं, उलटं केलं, आणि शर्टाच्या आत टाकलं.

"त्यानं मोजलंय ना," ते म्हणाले. "मग दोनच लिवा."