तेविसाव्या मजल्यावरचा तिरका पडदा

"आता जे सांगतोय त्यावर तुझा काडीचाही विश्वास बसणार नाही," असं म्हणून काझिमीर द्रोझ्दने ओठाला लागलेला मोहरीचा सॉस बोटाने पुसला आणि चाटला.

"कालच्यावर तरी कुठे बसला?" ओटिस म्हणाला. टॉवरसमोरच्या फरसबंद पटांगणात त्याची हॉटडॉगची गाडी होती. "काल तुमच्या गोष्टीतला वकील तळ्यावरच्या वाऱ्याने उडून सातव्या मजल्याच्या खिडकीतून आपल्याच खुर्चीत जाऊन बसला होता, काझसाहेब."

शेजारी ग्रॅनाइटच्या कठड्यावर लोरेटा विणत बसली होती. ती या टॉवरमधली निवृत्त टायपिस्ट, आणि काझ निवृत्त पडदेवाला. रोज दुपारी दोघं इथे यायची. ती विणायची, तो थापा मारायचा.

पडदेवाला म्हणजे काय, हे आता कुणाला ठाऊक नाही. टॉवर बांधणाऱ्या वास्तुकाराचा दंडक होता: खिडकीचा पट्ट्यांचा पडदा एकतर पूर्ण वर, नाहीतर निम्म्यावर, नाहीतर पूर्ण खाली. चौथी जागा नाही. बाहेरून बघणाऱ्याला इमारत इस्त्री केलेल्या शर्टासारखी दिसली पाहिजे. म्हणून काझने रोज सकाळी नऊला कारंज्यापाशी उभं राहून दर्शनी भागाचे सातशे साठ पडदे नजरेखालून घालायचे, आणि एखादा चुकला की वर पळायचं. काय दिवस होते! अडतीस मजल्यांवर टाइपरायटरांचा पाऊस पडायचा, आणि बारा वाजले की मेणकागदात गुंडाळलेली सँडविचं घेऊन सगळ्या पोरी या कठड्यावर उतरायच्या.

"नोकरीला तिसराच आठवडा," काझ सांगू लागला. "कत्तलखान्यातलं काम सुटलेलं. घरी आई, आणि पोटात खड्डा. त्यात मॅनेजरने फर्मावलं, 'आज बाराला खुद्द वास्तुकार येतोय, मासिकवाले फोटो काढणार. एक पडदा जरी चुकला तरी तू परत डुकरं सोलायला जा.' मी दहाला वर बघतो तर तेविसाव्या मजल्यावर एक पडदा पाऊण वर!"

"जिरेनियम होतं माझं," लोरेटा मान वर न करता म्हणाली. "झाडाला ऊन निम्म्या पडद्यातून पुरत नाही आणि पूर्ण वर केला की पानं करपतात. म्हणून दोरी टेबलाच्या खणाला बांधली होती."

"गाठ अशी, की जहाज बांधावं! मी म्हटलं, 'बाई, सोडा ती.' ही म्हणते, 'आधी झाडाला विचारा.' मी दिला हिसका. दोरी तुटली, आणि पडदा एका अंगाने वर, एका अंगाने खाली. लटकला तो लटकलाच!"

"मग?" ओटिसचा चिमटा हवेतच राहिला.

"मग काय? एक तिरका डोळ्यात खुपतो, म्हणून शेजारचे दोन तिरके केले. मग तीन खुपायला लागले. अख्खा मजला तिरका केला, तर मजला खुपायला लागला. अकरा वाजले. मी डोकं धरून खाली बसलो. तेव्हा हिने फोन उचलला."

साहेब लोकांना वाटायचं, इमारत आपण चालवतो. ती चालवायच्या टायपिस्ट. लोरेटाने चोविसाव्या मजल्यावर फोन केला, तिथून पंचविसाव्यावर, आणि पाऊण तासात 'वास्तुकारांचा नवा हुकूम' अडतीस मजले फिरून आला. बाराच्या ठोक्याला सातशे साठ पडदे एकाच कलाने तिरके!

"अख्खी इमारत कलंडल्यासारखी दिसायला लागली," काझ म्हणाला. "पटांगणातल्या लोकांच्या माना एका बाजूला. कबुतरं तिरकी बसली. पोलिसाचा घोडा होता, तो तर कारंज्याला टेकूनच उभा राहिला."

"घोडा!" ओटिसला हसू फुटलं.

"आणि आला तो म्हातारा वास्तुकार. काठी टेकून पाव तास वर बघत राहिला. शेवटी म्हणाला, 'आज पहिल्यांदा या इमारतीने श्वास घेतला.' माझा हात हातात घेतला, फोटो झाला, नोकरी पक्की झाली! आणि एकच्या आत मी सातशे साठच्या सातशे साठ पडदे पुन्हा सरळ केले."

लोरेटाच्या सुया थांबल्या.

"खोटं," ती म्हणाली.

"मला तर घोड्यापासूनच संशय आला होता," ओटिस म्हणाला.

"घोडा खरा होता. सातशे एकोणसाठ सरळ केले यानं. एक, माझ्या खिडकीचा, तसाच राहिला. एकोणतीस वर्षं मी त्या पडद्याखाली बसले. तीन वाजले की ऊन थेट डोळ्यांत."

काझने टोपी काढली आणि पुन्हा घातली. "एवढ्या पडद्यांत... सुटला असेल नजरेतून."

"सुटला?" लोरेटा म्हणाली. "रोज सकाळी नऊला, पाऊस असो की बर्फ, कारंज्यापाशी उभा राहून तू त्याच एका खिडकीकडे बघत होतास, काझ. मी वरून बघत होते ना!"