बागूलकाकांची खरखर

बागूलकाकांनी मला फसवलं. माझ्याच दुकानात, माझ्याच गल्ल्यासमोर, एका शब्दानेही भाव न करता.

काका आमचे शेजारी. देवळालीला लष्करात वायरलेसवर होते. निवृत्तीनंतर गच्चीवर तारा ताणून हौसेने स्वतःचा वायरलेस चालवायचे. त्यात कुणाच्या तरी घरातून खरखर घुसायची आणि ती शोधत काका सकाळी कानाला ट्रान्झिस्टर लावून कॉलनीभर गोल गोल फिरायचे. "फिरवता फिरवता खरखर जिकडे दबते, चोर त्याच रेषेत," म्हणत थेट लोकांच्या स्वयंपाकघरात. "ताई, मेन पाडू का? दोनच मिनिटं." मिक्सरमध्ये चटणी अर्धवट तशीच.

माझं द्वारका चौकात इलेक्ट्रिकचं दुकान. हातगाडीपासून वर आलोय. ट्यूबलाइटचे हलके इलेक्ट्रॉनिक चोक नवीन निघाले, तेव्हा मी घासाघीस करून पेट्याच्या पेट्या उचलल्या आणि अख्ख्या कॉलनीला विकल्या. तांब्याचे जुने जड चोक धूळ खात पडले. वर्षभराने काकांनी नेमके तेच मागितले. मी भाव मुद्दाम चढवला आणि भांडायच्या तयारीत उभा राहिलो. त्यांनी मुकाट पैसे दिले. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. मी हबकलो. भाव न करणाऱ्या गिऱ्हाइकाला काहीतरी ठाऊक असतं.

एका सकाळी सातला त्यांना कॉलनीतल्या शिंदेबाईंच्या घरी गाठलं. स्टुलावर चढून, मी विकलेला नवा चोक काढून माझाच जुना बसवत होते.

"माझ्या मालाला नावं ठेवता?"

"कुणाकडे काही बोललो का? जुना टिकतो, एवढंच सांगतो."

"मग हा उद्योग कशाला?"

ते खाली उतरले. "चल घरी."

त्यांनी हेडफोन माझ्या कानावर चढवला. नुसती खरखर, आणि तिच्या तळाशी कुठेतरी बारीक टिक, टिकटिक.

"हा जोसेफ. केरळात असतो. आम्ही एकत्र नोकरी केली. अर्धांगवायूने वाचा गेली त्याची. रोज सव्वासातला एका बोटाने, तारेच्या टिकटिक भाषेत कळवतो, जेवलो की नाही, सून काय बोलली. तुझे नवे चोक आल्यापासून त्यांच्या खरखरीत निम्मं कळतच नाही मला. सारखं पुन्हा विचारतो, तर त्याला वाटतं, बागूल कंटाळला."

तेवढ्यात खरखर एकदम कमी झाली.

"सूनबाईने दिवे बंद केले," काका म्हणाले.

"कुठल्या सूनबाईने?"

"तुझ्या बायकोने. तिला सांगून ठेवलंय."

मी खुर्चीत बसलो. आमच्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात ही बाई वर्षभर सव्वासातचा चहा चाचपडत करत होती, आणि काटकसरी बायको म्हणून मी सासुरवाडीत तिचं कौतुक करत होतो.

"तिला सांगितलंत, मग मला का नाही?"

"तू चिडला असतास."

चिडलो असतोच. दुकान डोक्यावर घेतलं असतं. पण त्यानंतर सगळे चोक मी स्वतः फुकट बदलून दिले नसते, हे तुम्ही परस्पर कशावरून ठरवलंत, काका? मला याचं उत्तर पाहिजे.